पाणचक्की जपायची तर नहर जपा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगरला आलेला पाहुणा बीबी का मकबरा पाहून पाणचक्कीवर येतो, फिरत्या जात्यासोबत फोटो काढतो आणि निघतो. या चक्कीने कुणाचे पोट भरले, हे त्याला धड कुणी सांगत नाही. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणारे यात्रेकरू, फकीर आणि शिष्य यांच्यासाठी इथे पीठ दळले जाई. हैदराबादचा पहिला निजाम, निजाम-उल-मुल्क याच्या पदरी असलेल्या तुर्कताज खानाने 1744 मध्ये ती उभारली.

तिची करामत पाण्यात आहे. हर्सूलच्या बाजूच्या विहिरींचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून, म्हणजेच नहरीतून, केवळ उताराच्या जोरावर खाम नदीच्या काठापर्यंत येते. इथे ते उंच भिंतीत चढते आणि धबधब्यासारखे हौदात पडते. त्याच पाण्याच्या धारेने खालची लोखंडी पाती फिरतात आणि त्यांच्या आसाबरोबर जात्याचा वरचा दगड. हौदाच्या तळाशी तर आणखी एक नवल: हा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचे छत! डोक्यावर पाणी असल्याने मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही यात्रेकरूंना तिथे गारवा मिळे.

आज आवारात राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय आहे, भाविक येतात, पर्यटकांची वर्दळ असते. इतकी जुनी वास्तू ओस न पडता वापरात राहिली, याचा आम्हा शहरवासीयांना अभिमान वाटतो. पण आपली सगळी काळजी तिकीटखिडकीच्या आतच संपते. चक्कीचा जीव बाहेर, रस्त्यांखाली आणि वस्त्यांखाली आहे. कुठल्याशा पायासाठी जेसीबी लागला आणि नळ फुटला, तर आवार कितीही चकाचक ठेवा, पाती थांबणारच. मग विजेचा पंप लावून जाते फिरवायचे का?

म्हणून संबंधितांना कळकळीची विनंती. नहरीचा संपूर्ण मार्ग आखून तो विकास आराखड्यात दाखवावा आणि त्या पट्ट्यात खोदाईची परवानगी देण्याआधी जागेवर पाहणी करावी. भिंतीपासून पात्यांपर्यंत पाणी कसे जाते, याचे मोठे छेदचित्र मराठीत आणि उर्दूत चक्कीशेजारी लावावे. आणि जाणकारांनी दगड-पाती तपासून हिरवा कंदील दिला, तर आठवड्यातून एक दिवस इथे खरोखरच ज्वारी दळावी. जात्याला टाकी लावणारे, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करणारे कारागीर अजून आहेत. त्यांनाही काम मिळेल.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर