पुरुमेंताचे पैसे

प्रिय आंटी,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र देवनागरीत आहे आणि तुमचे सगळे वाचन रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीचे, त्यामुळे तुमची नात ते मोठ्याने वाचून दाखवील. मधले काही गाळायचे नाही, असे तिला आधीच बजावले आहे. तुमचे नाव आणि वाडा मुद्दामच लिहिलेला नाही. बाबांचा पाय मोडला तेव्हा पैसे हातात ठेवताना तुम्ही म्हणाला होता, "घे गो. आनी कोणाक सांगूं नाका." उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले सांगणे तुमच्या अंगवळणी पडलेले. नाव झाकून मी तुमचा निम्मा शब्द पाळते आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल भेटल्यावर काय बोलायचे ते बोला.

गोव्यातल्या म्हापशाचा मे महिन्यातला बाजार ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांना आधी थोडे सांगायला हवे. पाऊस लागण्याआधी घरोघर पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची धांदल असते. खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), सोले, मिरच्या, चिंच, उकडे तांदूळ, सगळे दोन-तीन महिन्यांचे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद, ताजी मासळी कमी आणि जी येते तिचा भाव ऐकूनच माणूस पुढे सरकतो. खाऱ्या मासळीची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचा हंगाम हाच. मेमध्ये जे गाठीला लागेल त्यावर तिला पुढचा पावसाळा काढायचा असतो. तुम्ही त्यांतल्याच एक. नवरा गेलेला, मुलगा बोटीवर खलाशी, म्हणजे बंदीत तोही घरी. हे गणित आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. म्हणूनच हे पत्र.

बाबा पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने माणसे नेणारे. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, हप्त्यावर घेतलेली. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल वर येते, तसे त्या वर्षी आले आणि वळणावर गाडी घसरली. पाय मोडला. बांबोळीला ऑपरेशन झाले, सळी घातली. सरकारी इस्पितळ, त्यामुळे उपचाराचा भार फारसा पडला नाही. पण पायलट गाडीवर बसला तर पैसे, नाही बसला तर नाही. गाडीचा हप्ता, भाडे, जूनमध्ये आमच्या शाळेच्या वह्या-पुस्तकांची यादी. नातेवाईक येऊन बसत, चहा पीत, "काय लागले तर सांगा" म्हणत आणि शेवटच्या बसची वेळ झाली म्हणून उठत. त्यांचेही खरेच असेल. मी कोणाला दोष देत नाही. (आई अजून देते.)

तुम्ही तसे काही विचारले नाही. संध्याकाळी छत्री मिटत मागच्या दाराने आलात आणि साखरेची जुनी प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात कोंबलीत. आत रबर लावलेली नोटांची गुंडाळी होती. दहाच्या, विसाच्या, पन्नासच्या नोटा, मध्ये दोन-चार शंभराच्या, तळाला चिल्लर. सगळ्याला सुक्या सुंगटांचा वास. आईने ती पिशवी देव्हाऱ्यापाशी ठेवली, तेव्हा आमच्या गणपतीसमोर कितीतरी दिवस उदबत्तीबरोबर मासळीचा दरवळ होता. चतुर्थी दूर होती म्हणून बरे. त्या नोटांतून गाडीचा हप्ता गेला आणि गाडी आमच्याच दारात राहिली.

तुमच्या घरात त्या पावसाळ्यात काय चालले होते ते आम्हाला पुढे तुमच्या सुनेकडून कळले. जून-जुलै दोन्ही वेळ पेज आणि लोणचे. कौले परतायची राहून गेली, कारण परतणाऱ्याला द्यायचे पैसे आमच्याकडे आले होते. ओसरीत बादल्या आणि टोपे मांडून ठेवलेली. सून हे हसत सांगत होती, आणि आई उठून आत गेली.

मी देव्हाऱ्यासमोर वाढलेली मुलगी, पण त्यानंतर मार्कचा बारावा अध्याय शोधून वाचला. येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसून पाहतो आहे. श्रीमंत ढीगभर टाकतात. एक गरीब विधवा तांब्याची दोन बारीक नाणी टाकते, दोन्ही मिळून एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग. आणि तो शिष्यांना बोलावून सांगतो की सगळ्यांहून जास्त हिनेच टाकले, कारण बाकीच्यांनी वर उरलेले दिले आणि हिने पोट भरायचे होते ते दिले. त्याने पेटीत काय पडले ते मोजलेच नाही, हातात काय राहिले ते मोजले. पण त्याच्या अगदी आधी तो विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना फटकारतो. ते मला जास्त लागले. आपण अशा बाईचे कौतुक करतो आणि तिच्या ताटात काय आहे ते पाहायचे विसरतो. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मासेदोनियाच्या मंडळ्यांची गोष्ट आहे. स्वतः कंगाल असून त्यांनी ऐपतीबाहेर दिले, वर आम्हाला देऊ द्या म्हणून विनवणी केली. त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो, दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओढाताण असे नको, बरोबरी असावी. तेव्हा आंटी, तुमच्या त्या पावसाळ्यावर पौल खूश झाला असता की ओरडला असता, हे माझे मला ठरवता आलेले नाही. मला आधी कळले असते तर मी ती पिशवी घेतली नसती. तुम्हाला ते माहीत होते, म्हणून कळू दिले नाहीत.

लोकांनी तुम्हाला संतीण समजू नये. टोपलीवर बसलात की आईलासुद्धा एक बांगडा वर देत नाही, भाव पाडला तर सगळ्या रांगेला ऐकू जाईल असे बोलता. बाबा हिंडूफिरू लागल्यावर पैसे परत घेऊन आले, तेव्हा मला वाटले तुम्ही नको म्हणाल, मग बाबा अजीजी करतील, मग सगळे रडतील. तसे काही झाले नाही. अंगठा जिभेला लावून तुम्ही नोटा मोजल्यात, एक शंभराची फाटकी निघाली ती परत दिलीत आणि म्हणालात, "ही बदलून दी." बाबा घरी आले ते शीळ घालत. कितीतरी महिन्यांनी त्यांची मान सरळ दिसली. देताना जेवढा मोठेपणा होता, तेवढाच त्या घेण्यातही होता, आणि माझे आभार त्या फाटक्या नोटेसाठीही आहेत.

आता कामाचे. धाकट्या मुलाचे लग्न ठरल्याचे कळले, अभिनंदन. लग्नाआधी तुमच्याकडे भिकाऱ्यांचे जेवण होईलच, घरातल्या गेलेल्यांच्या नावाने, अंकलच्याही. यादी आणि दिवस ठरला की नातीकडून निरोप धाडा. नारळ, तांदूळ, भाजी म्हापशाहून आणायला बाबांची गाडी, फेऱ्या लागतील तेवढ्या, आणि भाडे विचारलेत तर बाबा रागावतील. वाढायला आई आणि मी येऊ. आईने विचारले आहे की भाज्यांचे खतखते आम्ही करून आणले तर चालेल का. मोठे टोप आमच्याकडे आहे.

तुमची,
पायलटाची थोरली