ती. आई-बाबांना, पुण्याहून

ती. आई व बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगणार होते, पण बाबा ‘बरं’ म्हणून फोन आईकडे देतात आणि आई जेवलीस का विचारते. म्हणून लिहितेय. नोकरी सोडली. डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला, फीही भरली. बाबा, दादाच्या लग्नाच्या एफडीला हात लावलेला नाही. साठवलेल्यात दोन वर्षं निघतील, प्राध्यापकीच्या नेट परीक्षेची तयारीही सोबतच चाललीय. खोली कॉलेजजवळच आहे, गिझर आहे, डबा लावलाय. भाकरी जरा जाड असते, पण ज्वारीचीच.

हे खूळ नाही हो. बाबा ज्या कुपवाडला जन्मभर शिफ्टला गेले, त्या गावावरचा गंपर्झ आणि विल्सन यांचा 1971 सालचा लेख भाषाशास्त्रात अजून वाचतात. तिथले जैन घरी कानडी बोलायचे, मुसलमान उर्दू, काही घरांत तेलुगू, आणि एकमेकांशी मराठी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारानं वाक्यांची घडण इतकी सारखी झाली, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यायचं. शब्द मात्र ज्यानं त्यानं आपापले धरून ठेवले, कारण आपण कोण ते त्यावरून कळायचं.

वाचताना मला मागच्या पडवीतली आई दिसली. मावशीच्या फोनवर कानडीत खळखळून हसणारी, आणि आत्या आत आली की ‘ठेवते गं’ म्हणणारी. आई, तुला बोल लावत नाहीये. आत्यालाही नाही. आजीच्या वेळचं सगळं मला माहीत आहे. मला ताप आला की पट्ट्या बदलताना तू कानडीत पुटपुटायचीस. मला ते औषधातलंच काहीतरी वाटायचं. असं काही शिकता येतं हे मला नोकरीला लागल्यावर कळलं, एवढंच.

बाबा, बीपीची गोळी आधी घ्या, मग घेतली म्हणून सांगा. माळ्यावर चढायचं नाही. पुराच्या वर्षी चढलात तेवढं पुरे. आई, शुगरचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. ‘बरंय’ हा रिपोर्ट नव्हे.

दिवाळीत येतेच आहे. अथणीला मावशीकडे जाऊ, तिचं बोलणं रेकॉर्ड करायचंय. चालेल का ते तिला आधी विचारून ठेव. आत्याला मात्र इतक्यात काही बोलू नका, मी आल्यावर सांगेन.

तुमची,
चिमी