पंढरपूरला निघण्याआधी

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
रविवार

तीर्थरूप आई-आण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आण्णा, परवा फोनवर तुम्ही तीनदा "काय?" विचारलंत आणि "बरं बरं" म्हणून फोन आईकडं दिलात. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं, आणि आईला जे ऐकू आलं त्यानं ती घाबरली. म्हणून लिहायला बसले. चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही मोठ्यानं वाचून दाखवा.

आई, कॅम्पर म्हटल्यावर तुला वाटली ती बोलेरो कॅम्पर, लाइनमन फिरवतात ती. तसली गाडी मी घेतलेली नाही. गाडी आपली तीच, वर्कशॉपची चार दारांची पिकअप, जिच्या हौद्यातून आठवडाभर शिरोलीला कास्टिंग जातात. नवीन आहे ते तिच्या मागं जोडायचं दोन चाकांचं छोटं घर. खरं तर तेही जुनंच, दुसऱ्याकडून घेतलेलं. आत एक रुंद पलंग, ओटा, तुझं इन्सुलिन ठेवायला छोटा फ्रिज, 60 लिटर पाण्याची टाकी आणि दार लावून बसता येईल असा कमोड.

कमोडसाठीच घेतलंय हे सगळं. सांगलीच्या लग्नाला तू सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हतास, वाटेत जावं लागेल म्हणून. साखरेचं दुखणं असलेल्या बाईनं दिवसभर कोरडं राहायचं! संध्याकाळी तुला चक्कर आली तेव्हा तू उन्हाचं कारण सांगितलंस. त्यानंतर चार वर्षं तू घराबाहेर कुठं गेली नाहीस, आणि तू जात नाहीस म्हणून आण्णाही नाहीत. मला हे सहन होत नाही. पंढरपूरला जायचं तू किती वर्षं म्हणतेस.

आण्णा, आता तुमच्यासाठी. तुमची काळजी मला कळते: घर मागं बांधून पळायचं म्हणजे खेळ नाही. तुम्हाला खोटं सांगणार नाही. पहिल्याच चाचणीला मी चुकले.

राष्ट्रीय महामार्गावरून कागलकडं निघाले होते, एकटीच. काटा 75 वर होता. शेजारून एक लक्झरी बस जोरात पुढं गेली आणि मागचं घर डुलायला लागलं. आधी थोडं, मग प्रत्येक हेलकाव्याला जास्त. पिकअपचं ढुंगणसुद्धा त्याच्याबरोबर इकडं तिकडं ओढलं जात होतं. पाय ब्रेककडं गेला होता, पण दाबला नाही. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात मारला तर मागचं घर ढकलत आडवं येतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरलं, आणि वेग उतरला तसं ते शांत झालं. कडेला गाडी घेतली तेव्हा हात कापत होते. घरी ह्यांनाही दोन दिवस सांगितलं नाही.

मग उघडून बघितलं. पाण्याची टाकी भरलेली, चाकांच्या मागं. गॅसची टाकी, बॅटरी, जादा टायर, सगळं मागच्या बाजूला. आण्णा, गाडी उलाळ होती, मागं जड! आबांची बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचललं जायचं आणि जोत्यांनी बैलांचा गळा आवळायचा. धुरजड झाली की बैलांच्या मानेवर भार पडायचा. उसाची ट्रॉली भरताना "पुढं घ्या, पुढं घ्या" म्हणून तुम्ही टोळीवाल्यांवर ओरडायचात ते ह्याचसाठी. इतकी वर्षं ऐकलेलं, आणि स्वतःचं घर भरताना डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिकअपमागं जोडूनच ते वजनकाट्यावर नेलं. पिकअप सोडवून नुसतं घर वजन केलं तर भरलेलं 1,050 किलो. मग धान्याच्या दुकानातला तराजू आणून पुढचं टोक, जे पिकअपच्या आकड्यावर, म्हणजे हुकावर, बसतं ते, त्यावर टेकवलं. फक्त 40 किलो! एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी तिथं असावा लागतो. टाकी काढून चाकांच्या किंचित पुढं बसवली, बॅटरी आणि गॅस पुढं आणला. आता 110 किलो येतंय. परत त्याच रस्त्यावर, तशाच बसशेजारून नेलं. डुललं नाही.

त्याच्याही पुढं नेलं असतं तर धुरजड. हे 110 किलो पिकअपच्या पाठीवरच पडतात, म्हणजे तिच्या वजन वाहण्याच्या मर्यादेतूनच जातात. जास्त झालं की तिचं नाक उचलतं, स्टिअरिंग हलकं लागतं आणि समोरचे दिवे झाडांच्या शेंड्यावर पडून समोरच्याला आंधळं करतात. मागं स्प्रिंगचा एक पाटा वाढवून घेतलाय, पण पाटा वाढवला म्हणून गाडीची वजनाची मर्यादा वाढत नाही, हे मिस्त्रीनंच बजावलं. ती आता मागून दबत नाही, इतकंच. म्हणून पंढरपूरला जाताना हौद्यात कास्टिंगचा एक तुकडासुद्धा नसेल. तुमच्या दोन पिशव्या आणि दोन खुर्च्या, बस.

आकडा बंपरला नाही, थेट चासीला बोल्ट केलाय. त्यावर 50 मिलिमीटरचा लोखंडी गोळा, त्याच्यावर घराचं तोंड बसतं आणि कुलूप पडतं. खाली दोन साखळ्या एकमेकींना फुलीसारख्या छेदून बांधायच्या. समजा तोंड निसटलंच, तर ते रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. शिवाय एक बारीक तार आहे. घर पूर्ण सुटलं तर ती खेचली जाते आणि घराचे स्वतःचे ब्रेक आपोआप लागतात.

हो, घराला ब्रेक आहेत. तुमच्या ट्रॉलीला नव्हते. बिद्रीच्या साखर कारखान्याला जाताना उतारावर मागचा ऊस ट्रॅक्टरला कसा ढकलायचा, तुम्ही पहिल्या गिअरमध्ये दात आवळून कसे बसायचात आणि मी मडगार्डवर तुमचा सदरा धरून! आता केबिनमध्ये स्टिअरिंगजवळ एक छोटा डबा बसवलाय. मी ब्रेक दाबला की विजेनं मागच्या चाकांचेही लागतात, आणि डब्यावरची कांडी हातानं सरकवली तर फक्त मागचे. डुलायला लागलं तर हेच करायचं, मागचे ब्रेक हळूच धरायचे म्हणजे घर सरळ ओढलं जातं. त्या दिवशी ह्या डब्याची वायर जोडलेली होती, पण तो वापरायची सवय नव्हती. आता आहे.

टायरची गोष्ट ऐकून तुम्हाला राग येईल. विकणाऱ्यानं "टायर नवेच, झिजलेत कुठं" म्हणून सांगितलं होतं. नक्षी खरोखर नवी होती. पण टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्यावर 3417 होतं, म्हणजे 2017 च्या 34 व्या आठवड्यात बनलेले. घर उन्हात उभं राहून राहून रबर चिरलेलं. उभ्या गाडीचं टायर झिजत नाही, पण म्हातारं होतं. तिन्ही बदलले. हवा सकाळी, टायर थंड असतानाच बघते.

बेअरिंग उघडून जुनं ग्रीस धुऊन नवीन भरलंय. वर्षातून एकदा तरी करायचं असं ठरवलंय. चाकांचे नट 100 किलोमीटरनंतर परत आवळायचे. आणि थांबलं की आधी चाकाच्या हबवर हात. हे मात्र कुणी शिकवायला लागलं नाही, तुम्ही चहाच्या टपरीवर उतरलात की चहाआधी ट्रॉलीच्या दोन्ही हबवर हात ठेवायचात. एक कोमट आणि एक चटका देणारा असला तर बेअरिंग गेलंच.

पिकअपचं इंजिन ऑइल मी आता अर्ध्या अंतरातच बदलते. ओढायचं काम म्हणजे गाडीला रोज चढच. गिअरबॉक्सचं आणि क्राऊनचं ऑइलही बदललं, कूलंट नवीन, रेडिएटरची जाळी पाण्यानं धुतली. तिच्यात उसाच्या पाचटाची भुकटी निघाली! क्लच अर्धा दाबून चढ चढायची माझी खोड तुम्हीच मोडली होती, ती मोडलेलीच आहे. कागदपत्रंही सांगते: घराची आरटीओत वेगळी नोंदणी, वेगळा नंबर, वेगळा विमा. मागं तो नंबर, इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे लागतात का ते निघताना दर वेळी दोघांनी मिळून तपासायचं, एक आत, एक मागं उभा. लांब आरसेही बसवलेत, कारण घर पिकअपपेक्षा रुंद आहे.

मागं घेणं जमतं. रविवारी मोकळ्या मैदानावर चार विटा मांडून सराव केला. तुम्ही सांगितलेलंच, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवायचा आणि घर जिकडं न्यायचं तिकडं हात न्यायचा.

वाटेचा विचार असा. आई, तू गणपतीपुळ्याचंही नाव काढलं होतंस, पण आंबा घाट मी आत्ता उतरणार नाही. लांब उतारावर ब्रेक तापून पकडेनासे होतात आणि घर मागून रेटत राहतं. उतार खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर उतरायचा असतो, ब्रेक अधूनमधून. त्याचा हात बसायला मला वेळ लागेल. पंढरपूरची वाट आपल्यासाठी सोपी आहे, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज, सांगोला, मग पंढरपूर. घाट नाही. कार्तिकीची गर्दी ओसरलीय. वेग साठच्या वर न्यायचा नाही, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर, आणि दर तासाला थांबायचं. थांबलं की तू मागं जायचं, घाई नाही, कुणी दार वाजवणार नाही. आणि पाणी प्यायचं, भरपूर.

फक्त एक गोष्ट कडक. चालत्या गाडीत मागच्या घरात कुणी बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही, पाठ कितीही दुखू दे. तिथं पट्टा नाही, आणि मला केबिनमधून तू दिसणार नाहीस. पुढं माझ्या शेजारी बसायचं, उशी मी आणलीय. गॅसही निघताना बंद.

शनिवारी दुपारी मी मुदाळ तिट्ट्यावरून गारगोटीला येते, आधी नुसती पिकअप घेऊन. आण्णा, तुम्ही खाली वाकून आकडा, बोल्ट, वायरी सगळं बघा. काही खटकलं तर निघायचं नाही, मी उद्यमनगरात परत करून घेईन. गुडघ्यामुळं वाकता येत नसेल तर मी मोबाइलवर फोटो काढून मोठे करून दाखवते. तुम्ही हो म्हटल्यावरच घर जोडून रविवारी पहाटे येते.

आईनं औषधाची चिठ्ठी आणि लोकरीची शाल घ्यावी, पंढरपूरला पहाटे थंडी असते. स्वयंपाकाचं सामान माझ्याकडं आहे.

तुमची,
शैला

ता. क. गोठ्यात आतल्या खुंटीला तुमची जुनी ग्रीसगन असेल, तरफेची. ती पुसून ठेवा, शनिवारी नेते. इथं नवीन आणली, पण तिला तेवढा दाब येत नाही.