दूरमनोपचाराला औषधांची जोड हवी

संपादक महोदय,

'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीची १४४१६ या क्रमांकावरील विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाल्यापासून मराठीतूनही चोवीस तास समुपदेशन मिळू लागले, याचे स्वागतच आहे. मेळघाटातल्या कुटुंबाला मनोविकारतज्ज्ञासाठी अमरावती गाठायची म्हणजे रुग्णाबरोबर जाणाऱ्या नातेवाइकाचीही मजुरी बुडते. तो फेरा फोनमुळे वाचू शकतो.

परंतु स्किझोफ्रेनियासारख्या, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या, आजारात केवळ सल्ला पुरत नाही. दूरमनोपचारात, म्हणजे रुग्णाला दुरून व्हिडिओवर तपासून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या गावाजवळ मिळाल्या नाहीत, तर तालुक्याच्या दुकानातून पैसे असतील तोवर आणल्या जातात आणि मग बंद पडतात. आजार उलटतो आणि घरचे म्हणतात, 'औषधाचा गुण येत नाही.' मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार आवश्यक औषधे मोफत देण्याचे बंधन ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र त्यात येत नाही. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे.

तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या चेन्नईच्या 'स्कार्फ' या संस्थेने २०१० मध्ये ज्या बसमधून दूरमनोपचार सुरू केले, त्या बसमध्येच औषधांचेही दालन होते. रुग्ण चेन्नईतील डॉक्टरांशी पडद्यावर बोलत आणि तिथेच मोफत औषध घेऊन उतरत. तपासणी आणि औषध एकाच जागी मिळावे, हा त्यामागचा विचार आपल्याकडेही राबवता येईल.

शिवाय रुग्णाजवळ प्रशिक्षित माणूस हवाच. औषधाने हात थरथरू लागले, चाल जड झाली किंवा वजन भराभर वाढले, तर ते मोबाईलच्या छोट्या चौकटीत नीट दिसत नाही. परिचारिकेला किंवा आशाताईंना मात्र दिसते. कोरकू भाषकांसाठी तर त्याच दुभाषाही ठरतात. हे काम त्यांच्या आधीच्या ओझ्यावर फुकट लादू नये, त्याचा मोबदला ठरवून द्यावा. संभाषणासाठी दार लावता येईल अशी खोली हवी. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत, गावकऱ्यांच्या देखत, कोणती सून आपल्या मनातले आत्महत्येचे विचार सांगेल?

राज्य शासनाने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मनोविकारांवरील मूलभूत औषधांचा किमान तीन महिन्यांचा साठा बंधनकारक करावा आणि दूरमनोपचारातील चिठ्ठीवर तो मोफत द्यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, धारणी (जि. अमरावती)