गुरूवरच्या काळ्या टिकलीसाठी, काकांना

प्रिय काका,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय.

फेब्रुवारीतला तो फोटो मी अजून रोज उघडते. गुरू ग्रहाचे दोन ठळक पट्टे, आणि त्यांच्या मधल्या उजळ भागात काळी कुळकुळीत टिकली. गुरूचा चंद्र आयो, त्याची सावली! गुरूची प्रतियुती, म्हणजे पृथ्वी बरोबर सूर्य आणि गुरूच्या मधे येण्याची वेळ, 10 जानेवारी 2026 ला होऊन गेली होती, त्यामुळे आयो आधी बिंबावर शिरला आणि सावली त्याच्या मागून आली. आयो स्वतः ढगांच्या रंगात हरवला, सावली मात्र शेवटपर्यंत ठसठशीत. साठ-पासष्ट कोटी किलोमीटरवरचं ग्रहण, आणि ते साताऱ्यातल्या अंगणातून, आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून टिपलेलं.

मोठी दुर्बीण घ्यायची का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आधी हवा बघ, मग गुरू बघ." गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडत राहतो, त्या हवेतून ग्रह पाण्यात पडलेल्या नाण्यासारखा थरथरतो. म्हणून दुर्बीण खाली मातीवर आणायला लावलीत. आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हावा म्हणून तासभर आधीच ती उघड्यावर ठेवायची, हेही तुमचंच. यंदा गुरू मिथुनेत, आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येत होता. युरोपातल्या हौशी लोकांना तो इतका उंच मिळतच नाही, हे तुम्ही किती आनंदानं सांगितलंत!

कॉलिमेशन, म्हणजे दुर्बिणीचे आरसे एका रेषेत आणणं, मला एकटीला जमलं नसतं. मी ब्रह्महृदय तारा जरासा फोकसबाहेर नेऊन आयपीसला डोळा लावायचा, आणि त्याची दिसणारी वर्तुळं एका बाजूला झुकली की तुम्ही तळाशी बसून आरशाचा स्क्रू किंचित फिरवायचा. "आता?" "अजून थोडं." वर्तुळं एकात एक नीट बसेपर्यंत तुम्ही थंडीत तसेच उकिडवे बसून होतात.

आणि ते ढकलणं! आपल्या डॉब्सोनियनला मोटर नाही. प्रतिमा मोठी करणारं बार्लो भिंग लावलं की अर्ध्या मिनिटात गुरू कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर. तुम्ही लॅपटॉपसमोर बसून "डावीकडे, हळू, सोड" म्हणत राहिलात, मी नळी ढकलत राहिले. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून दोन मिनिटांच्या वर रेकॉर्डिंग न्यायचं नाही, नाहीतर बारकावे पुसट होतात. तेवढ्यात बारा हजारांच्या आसपास फ्रेम मिळाल्या. त्यातल्या स्थिर हवेतल्या दहा टक्केच ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरनं निवडून एकावर एक रचल्या, आणि मग वेव्हलेट्सनी, म्हणजे बारकावे ठळक करणाऱ्या प्रक्रियेनं, पट्ट्यांच्या कडा वर आल्या. स्लायडर जास्त ओढू नकोस, खोटी कड येते, असं तुम्ही बजावलंत. मला ते फार मोलाचं वाटतं. जे आकाशात आहे तेवढंच फोटोत हवं.

काका, तुमचा कॅमेरा, तुमच्या रात्री, तुमचे दुखणारे गुडघे, सगळं तुम्ही न मागता दिलंत. मनापासून आभार.

4 ऑक्टोबरला शनीची प्रतियुती आहे. गेल्या वर्षी मिटलेली कडी आता पुन्हा उघडतायत. शनीचा चंद्र टायटन, त्याच्यासाठी वेगळं, लांब एक्सपोजर घेऊन ते शनीच्या फोटोशी जोडायचंय, आणि ते तुमच्याकडूनच शिकायचंय. उकिडवं बसायला लागू नये म्हणून बुटकं स्टूल करून घेतलंय. नक्की या.

तुमची,
मागच्या आळीतली विद्यार्थिनी