खंडेनवमी, दसरा आणि बोनसबाबत सूचना (हिंगणा प्लांट)

सर्व कर्मचारी बंधू-भगिनींनो,

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५ रोजी खंडेनवमी. मशीनपूजा सकाळी ११ वाजता, शॉप फ्लोअरवर. पहिल्या आणि जनरल शिफ्टने यायचेच, दुसऱ्या शिफ्टचेही स्वागत आहे.

पूजेआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा, चावी सुपरवायझरकडे द्या. हळदकुंकू कोरडेच वाहा. गेल्या वर्षी नारळाचे पाणी एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या पॅनेलमध्ये गेले आणि मशीन दोन दिवस बंद पडले. मशीनच्या चकला (काम पकडून फिरवणाऱ्या भागाला) बांधलेली झेंडूची माळ मशीन सुरू करण्यापूर्वी स्वतःच्या हाताने काढा. फिरत्या चकमध्ये माळेचा दोरा अडकला तर बोट जाते. हात जपा, एवढीच कळकळीची विनंती.

गुरुवारी, २ तारखेला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आहेत, प्लांट बंद. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीलाच, बाबासाहेबांनी आपल्या नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यामुळे या दिवसाचे मोल इथे वेगळेच आहे. दीक्षाभूमीवर सेवेला जाणाऱ्यांनी १ आणि ३ तारखेची रजा हवी असल्यास २६ सप्टेंबरपर्यंत अर्ज द्यावा. ती नाकारली जाणार नाही.

बोनस: कायद्याने किमान ८.३३ टक्के, आणि मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत असली तरी आपल्याकडे रक्कम लक्ष्मीपूजनाआधी, १५ ऑक्टोबरला खात्यात जमा होईल. बँक खाते बदलले असेल तर पासबुकची झेरॉक्स टाइम ऑफिसला लगेच द्या.

दिवाळीची सुट्टी २० ते २३ ऑक्टोबर.

– कार्मिक विभाग