भरतकाम करणाऱ्यांचीही नावे छापा
संपादक महोदय,
पॅरिसच्या फॅशनच्या बातम्यांत डिझायनरचे नाव येते, भरतकाम करणाऱ्याचे नाही. कृपया तेही छापा. पॅरिसचे भरतकाम करणारे फ्रान्स्वा लेसाज (१९२९-२०११) यांनी १९४९मध्ये वडिलांचा भरतकामाचा व्यवसाय हाती घेतला. त्यांच्याकडे डिझायनर इव्ह सँ लोराँ यांच्या १९८८च्या, चित्रकार व्हॅन गॉगच्या चित्रांवर बेतलेल्या जॅकेटांपैकी एकेकावर सुमारे ६०० तास भरतकाम झाले!

लुनेव्हिल या आकडीने करायच्या फ्रेंच भरतकाम पद्धतीत नक्षी सुईने टोचलेल्या कागदातून भुकटी घासून कापडावर उतरवतात. कापड चौकटीवर ताणून, उलट बाजू वर ठेवून आकडीने साखळी टाका घालतात. टिकल्या दोऱ्यात आधीच ओवलेल्या असतात, त्या खालच्या म्हणजे सुलट बाजूला बसतात. कापड सैल राहिले तर आकडी अडकते आणि तलम जाळी फाटते. शेवटचा टाका पक्का केला नाही, तर अख्खी ओळ उसवते. आपले आरीकामही याच जातीचे, पण ते बहुधा सुलट बाजूने होते.

– एक वाचक, पुणे